झाडाचा डोळा

कोबीचा गड्डा उभा चिरून त्याच्या एका अर्धाकडे क्षणभर लक्षपूर्वक पाहावें. मध्यें देंठाचा पांढरा शंकु, त्याच्या अंगाला चिकटून एकावर एक दुमडलेलीं पानें, आणि जसजसें आंत जावें तसतशीं तीं लहान, फिकट व कोंवळीं होत गेलेलीं. अगदीं टोंकाशीं नुसत्या डोळ्यांना कांहींच ओळखूं येत नाहीं. रोज भाजी चिरणाऱ्या गृहिणीच्या हातांखालून हें दृश्य शेंकडों वेळां जातें. परंतु त्या टोंकाशीं नेमकें काय आहे, या एका प्रश्नावर युरोपांतील विद्वान् शंभर वर्षांहून अधिक काळ भांडत राहिले, आणि त्या भांडणांत एका तरुण शास्त्रज्ञाला आपला देश सोडून जावें लागलें.

आपल्या भाषेनें या वस्तूला दोन नांवें दिलीं आहेत. ज्यांतून पानें आणि फांदी निघावयाची तो डोळा. ज्यांतून फूल उमलावयाचें ती कळी. शेतकरी उंसाच्या कांडीवरचे डोळे मोजून बेणें तोडतो, नागपुराकडील माळी जंबुरीच्या रोपावर संत्र्याचा डोळा भरतो. पण मोगऱ्याच्या कळीला कोणी डोळा म्हणणार नाहीं. इंग्रजींतील 'बड्' या एका शब्दांत दोहोंचा समावेश होतो, आणि 'मुकुल' हा शब्द आम्ही पुढें त्याच व्यापक अर्थानें वापरणार आहों. या अर्थानें कोबीचा गड्डा हें एक प्रचंड मुकुल आहे, कांदा हें जमिनींत दडलेलें मुकुल आहे, आणि बटाट्याचा प्रत्येक डोळाहि मुकुलच आहे. नांवांची ही चर्चा वाटते तितकी क्षुल्लक नाहीं. डोळा आणि कळी हीं मुळांत एक कीं दोन, हाहि त्या भांडणांतला एक मुद्दा होता.

भांडणाची सुरुवात मात्र मोठ्या सलोख्यानें झाली. ७ डिसेंबर १६७१ रोजीं लंडनच्या रॉयल सोसायटीपुढें वनस्पतींच्या अंतरंगाविषयींचे दोन प्रबंध एकाच दिवशीं आले. एक नेहेमाया ग्रू या इंग्रज वैद्याचा, छापून तयार झालेला. दुसरा बोलोन्या येथील मार्चेल्लो माल्पिगी याचा, हस्तलिखित. दोघांनींहि एकमेकांपासून दूर राहून झाड उकलून पाहण्याचा एकच उद्योग चालविला होता. ग्रूला मुकुलांतील घड्यांचें मोठें कौतुक. पान मुकुलांत कसें बसविलेलें असतें, कोठें पंख्यासारख्या चुण्या असतात, कोठें दोन्ही कडा आंत गुंडाळलेल्या असतात, हें त्यानें शिंप्याच्या बारकाईनें नोंदून ठेविलें. केळीच्या पानाची सुरळी किंवा अळूचें न उलगडलेलें पान ज्यानें पाहिलें आहे त्याला हें कौतुक सहज समजेल. माल्पिगीनें आपला मोठा ग्रंथ १६७५ आणि १६७९ मध्यें दोन भागांत प्रसिद्ध केला. त्यांत मुकुलांच्या आडव्या व उभ्या छेदांचीं चित्रें आहेत. त्याच्या मतें मुकुल म्हणजे अजून न उलगडलेल्या फांदीचें संक्षिप्त रूप होय. पाहिलें तेवढेंच त्यानें सांगितलें. त्यावरून पुढें जें अनुमान काढण्यांत आलें तें मात्र फार दूरचें होतें.

तें अनुमान असें: आज मुकुलांत पुढच्या वर्षाचीं पानें आहेत, तर त्या पानांच्या बगलांत त्याच्या पुढच्या वर्षाचीं मुकुलें असलींच पाहिजेत, त्यांच्या पोटांत आणखी पुढचीं, आणि याप्रमाणें अखेरपर्यंत. १६७४ मध्यें फ्रेंच तत्त्वज्ञ मालब्रांश यानें लिहिलें कीं, ट्यूलिपच्या ताज्या कंदांत सबंध ट्यूलिप दिसतो. मग एका बीजांत पुढें युगानुयुगें होणारे सारे वृक्ष सांठविलेले आहेत असें मानण्यास हरकत कोणती? आपल्या दर्शनग्रंथांशीं परिचय असलेल्या वाचकांस हें मत नवें वाटणार नाहीं. कार्य कारणांत आधींच असतें, तें केवळ व्यक्त होतें, हा सांख्यांचा सत्कार्यवाद. आणि जें नव्हतें तें नव्यानें उत्पन्न होतें, हा नैयायिकांचा आरंभवाद. आपल्याकडे हा वाद मातीच्या व घटाच्या दृष्टांतावर चालला. युरोपांत तो कोंबडीच्या अंड्यावर आणि झाडाच्या डोळ्यावर चालला, एवढाच काय तो फरक. पण हा फरक महत्त्वाचा आहे, कारण अंडें फोडतां येतें आणि डोळा चिरतां येतो.

मुकुलांचें पद्धतशीर वर्गीकरण लिनियसच्या शाळेंत झालें. १७४९ मध्यें त्याचा लाडका शिष्य पेर ल्योफ्लिंग यानें वृक्षांच्या मुकुलांवर प्रबंध लिहिला. स्वीडनमधील हिंवाळ्यांत झाडावर ना पान ना फूल, तेव्हां तें ओळखावें कसें? तर त्याच्या मुकुलांवरून. मुकुलावरचीं खवलीं कशापासून बनलीं आहेत, देंठांपासून कीं उपपर्णांपासून, आंतल्या पानांची घडी कोणती, कोणतें मुकुल पानांचें, कोणतें फुलांचें, कोणतें दोहोंचें, असे भेद त्यांत पाडले आहेत. लिनियसनें मुकुल आणि कंद या दोहोंना मिळून 'हिंवाळी निवास' अशा अर्थाचें लॅटिन नांव दिलें. उष्ण देशांतील बहुतेक झाडांना मुकुलें नसतात असेंहि त्याचें म्हणणें होतें. आमच्या वडाच्या फांदीच्या टोंकाला उपपर्णांची जी टोंकदार टोपी असते ती त्याला कोणी दाखविली असती तर बरें झालें असतें. खरें म्हणजे त्याला खवल्यांच्या चिलखतांतलें मुकुल अभिप्रेत होतें, आणि तेवढ्यापुरतें त्याचें निरीक्षण अगदींच चुकीचें नव्हतें. ल्योफ्लिंग बिचारा पुढें दक्षिण अमेरिकेंत वनस्पति गोळा करावयास गेला आणि १७५६ मध्यें, सत्तावीस वर्षांचा होण्यापूर्वी कीं नंतर लगेच, तेथेंच ज्वरानें वारला.

गुरूनें मात्र मुकुलाच्या आधारावर एक विलक्षण उपपत्ति उभारली. १७६० च्या सुमारास लिनियस म्हणूं लागला कीं, फूल म्हणजे झाडाच्या येणाऱ्या वर्षांची उतावीळ. फुलाखालचीं छदें हीं दुसऱ्या वर्षाचीं पानें, बाह्यदळें तिसऱ्या, पाकळ्या चौथ्या, केसर पांचव्या आणि मधला स्त्रीभाग सहाव्या वर्षाचीं. मुकुलांत क्रमानें दडलेलीं हीं सहा वर्षांचीं पानें एकदम बाहेर पडलीं कीं तिला आपण फूल म्हणतों! या उपपत्तींतील वर्षांचें गणित कल्पनेचें होतें; परंतु फुलाचे अवयव आणि पान यांचें कांहीं नातें आहे, हें त्या पंडिताच्या तीक्ष्ण दृष्टीला जाणवलें होतें यांत शंका नाहीं.

आतां त्या तरुणाकडे वळूं. कास्पार फ्रीड्रिख वोल्फ हा बर्लिनमधील एका शिंप्याचा मुलगा. १७५९ मध्यें, वयाच्या पंचविशीच्या आसपास, त्यानें हाले येथील विद्यापीठाला वैद्यकीच्या पदवीसाठीं 'उत्पत्तीचा सिद्धान्त' हा लॅटिन प्रबंध सादर केला. त्याचा पहिला भाग वनस्पतींवर आहे. वोल्फनें कोबीचीं पानें एकेक करून सोलून काढलीं आणि जेथें नुसती दृष्टि थकते तेथें सूक्ष्मदर्शक लाविला. त्याला तेथें कोबीचें बारीक पान दिसलें नाहीं. दिसला तो एक मऊ, ओलसर, पारदर्शक उंचवटा. त्याच्या अंगावर ना शिरा ना कडा. या उंचवट्याच्या बाजूला कोठें एक फुगवटा आलेला, त्याच्या खालीं त्याहून थोडा मोठा व चपटा, त्याच्याहि खालीं पानाचा आकार घेऊं लागलेला, आणि शिरा तर त्याहून नंतरच्या. म्हणजे खालून वर चढत जावें तसतशीं पानें लहान होत होत अनंतापर्यंत जात नाहींत. एका ठिकाणीं तीं संपतात, आणि त्यापुढें पान नसलेलें पण पान करणारें असें कांहीं असतें. या जागेला वोल्फनें वर्धनबिंदु या अर्थाचें नांव दिलें.

यावर विरोधकांचें उत्तर ठरलेलें होतें: पानें आहेत, पण तीं इतकीं सूक्ष्म व पारदर्शक आहेत कीं तुमच्या भिंगाला दिसत नाहींत. वोल्फचें प्रत्युत्तर आम्हांस फार मार्मिक वाटतें. तो म्हणाला, ज्या बारीक कणांचा हा उंचवटा बनला आहे ते कण मला साध्या भिंगानेंहि स्वच्छ दिसतात. पान हें त्या कणांचेंच बनावयाचें; मग विटा दिसाव्या आणि त्याच विटांचें घर मात्र सूक्ष्मतेमुळें दिसूं नये, हें कसें? (विटांचा दृष्टांत आमचा, तर्क त्याचा.) जें दिसत नाहीं तें तेथें नाहींच म्हणून दिसत नाहीं. याचा अर्थ वोल्फची प्रत्येक गोष्ट बरोबर होती असा नव्हे. झाडांत रसाला ढकलणारी एक मूलशक्ति आहे आणि तिच्या जोरानें थिजत्या द्रवांत बुडबुड्यांसारख्या पेशी पडतात, असें तो मानी. तें सारें पुढें टिकलें नाहीं. त्याचें कारण चुकलें, पण पाहणें चुकलें नाहीं.

प्रबंधाची प्रत त्यानें आल्ब्रेख्ट फॉन हाल्लर याला पाठविली. हाल्लर हा त्या काळचा शरीरशास्त्राचा सार्वभौम. गॉटिंगेनची अध्यापकी सोडून तो आपल्या जन्मगांवीं, स्वित्झर्लंडमधील बर्न येथें परतला होता. त्यानें वोल्फच्या परिश्रमांची तारीफ केली आणि सिद्धान्त नाकारला. हाल्लरला हट्टी म्हणून सोडून देणें सोपें आहे, पण तें न्यायाचें होणार नाहीं. तो स्वतः एके काळीं नवोत्पत्तीकडे झुकलेला होता आणि अंड्यांतील पिलाच्या अभ्यासानंतर त्यानें आपलें मत बदललें होतें. शिवाय त्याची अडचण खरी होती. आकारहीन द्रवांतून प्रत्येक वेळीं कोबीचेंच पान आणि कोंबडीचेंच पिलूं कसें निघतें? कोणती आंधळी शक्ति हा साचा पाठ करून ठेवते? या प्रश्नाचें उत्तर वोल्फजवळ नव्हतें, आणि त्या शतकांत तें कोणाजवळच असणें शक्य नव्हतें. ईश्वरानें आरंभीं एकदांच सारें घडविलें, या श्रद्धेचा आधारहि हाल्लरच्या मताला होता.

वोल्फची पुढची हकीकत थोडक्यांत सांगतां येते. सप्तवार्षिक युद्धांत ब्रेस्लाव येथील लष्करी वैद्यांना त्यानें शरीररचना शिकविली. १७६४ मध्यें आपला सिद्धान्त त्यानें जर्मन भाषेंत पुन्हा मांडला. बर्लिनमध्यें त्याला अध्यापकाची जागा हवी होती. तेथील वैद्यकी अध्यापकांनीं ती मिळूं दिली नाहीं. अखेर १७६७ मध्यें रशियाच्या राणी कॅथरीनच्या आमंत्रणावरून तो सेंट पीटर्सबर्गला गेला व १७९४ मध्यें तेथेंच मरण पावला.

त्याच्या हयातींतच, परंतु त्याला न ओळखतां, दुसरा एक मनुष्य त्याच वाटेनें निघाला होता. १७८६ मध्यें कवि गटे इटलीच्या प्रवासास गेला, आणि पुढच्या वसंतांत पालेर्मोच्या बागेंत हिंडतांना साऱ्या वनस्पतींचें एक आद्यरूप असलें पाहिजे, या विचारानें त्याला पछाडलें. १७९० मध्यें त्याची 'वनस्पतींचें रूपांतर' ही १२३ परिच्छेदांची पुस्तिका निघाली. त्याच्या नेहमींच्या प्रकाशकानें ती छापण्याचें नाकारलें. कवीनें वनस्पतींच्या भानगडींत पडावें हें त्याला रुचलें नसावें. गटेचें म्हणणें असें कीं, बीजदलापासून फळापर्यंत झाडाचा प्रत्येक पार्श्वावयव हें एकाच मूळ पानाचें रूपांतर आहे. त्यासाठीं त्यानें पुढें केलेली साक्ष म्हणजे एक विकृत गुलाब: ज्याच्या मधोमध बीजकोशाऐवजीं पुन्हा देंठ फुटला होता व त्या देंठावर पुन्हा पाकळ्या व हिरवीं पानें आलीं होतीं. कळी होतां होतां डोळा झाला होता! गुलाबाला लागलेला हा रोग आपल्याहि बागांत क्वचित् दिसतो. माळी तो खुडून टाकतो, गटेनें त्यावर ग्रंथ रचला.

वोल्फचें नांव गटेला नंतर कळलें, आणि १८१७ मध्यें त्यानें या पूर्वसूरीचा मोकळ्या मनानें गौरव केला. मात्र एक मतभेद त्यानें नोंदविला. वोल्फच्या मतें फूल म्हणजे रस आटल्यामुळें खुरटलेलीं पानें. गटेच्या मतें तो ऱ्हास नव्हे, उत्कर्ष. येथें कवि बोलतो कीं शास्त्रज्ञ, हें सांगणें कठीण आहे.

असो. मग माल्पिगीनें मुकुलांत पाहिलेलीं पानें खोटीं होतीं काय? मुळींच नाहीं. थंड देशांतील हॉर्स चेस्टनट या वृक्षाचें मुकुल हिंवाळ्यांत फोडलें तर त्यांत पुढील वसंताचीं पानें आणि फुलांचा तुरा लोंकरीसारख्या आवरणांत तयार बसलेला असतो. पण तो सृष्टीच्या आरंभापासून तेथें नसतो. मागच्या उन्हाळ्यांत, झाड हिरवें असतांना, तो त्याच वर्धनबिंदूवर घडलेला असतो. याचें उदाहरण पाहण्यास स्वीडनला जाण्याचें कारण नाहीं. नाशिक व सांगलीकडील द्राक्षबागायतदार वर्षांतून दोनदां वेल छाटतो. एप्रिलच्या खरड छाटणीनंतर नव्या काड्या फुटतात, आणि त्यांच्या पानांच्या बगलांतील डोळ्यांत पुढच्या हंगामाचा घड सूक्ष्म रूपानें घडूं लागतो. त्या आठवड्यांत आभाळ भरून राहिलें, काड्यांना ऊन मिळालें नाहीं, तर तोच डोळा घडाऐवजीं नुसता ताणा घडवितो. पुढें ऑक्टोबरची छाटणी झाली कीं जें घडलें असेल तेवढेंच बाहेर येतें. मग खत-पाणी कितीहि द्या. म्हणून हुशार बागायतदार ऑक्टोबरपूर्वींच काड्या पाठवून डोळे सूक्ष्मदर्शकाखालीं तपासून घेतात. त्यांच्या वर्षाचा जमाखर्च त्या भिंगाखालीं ठरत असतो. माल्पिगी आणि वोल्फ दोघांचेंहि म्हणणें या एका डोळ्यांत एकत्र नांदतें.

एकोणिसाव्या शतकांत पेशींचें ज्ञान वाढलें आणि वर्धनबिंदूची रचना पेशीगणिक मोजली गेली. तो इतिहास लांबलचक व बराचसा रुक्ष आहे. त्याहून मनोरंजक प्रश्न वेगळाच होता. प्रत्येक पानाच्या बगलेंत डोळा असतो. मग सारेच डोळे फुटत कां नाहींत? सबंध ऊंस जमिनींत आडवा पुरला तर शेंड्याकडील डोळे आधीं फुटतात व बुडख्याकडील निजून राहतात. त्याच्या दोन-तीन डोळ्यांच्या टिपऱ्या केल्या कीं निजलेलेहि जागे होतात. शेंडा खुडल्यावर तुळस दाट होते, हें तर आपल्या घरच्या पोरींनाहि ठाऊक असतें. फणसाचें फळ जुन्या खोडावर लागतें, कारण तेथें वर्षानुवर्षें सालीशीं राहिलेलीं मुकुलें असतात. शिवाय आगंतुक मुकुलें निराळींच. तीं बगलेचा नियम मानीत नाहींत. कढीलिंबाच्या मुळांवर तीं येतात व आईभोंवतीं पोरांचा मेळावा जमतो. पानफुटीच्या तर पानाच्या कडेवरच येतात. या पानफुटीचा गटेला इतका लळा होता कीं तो तिचीं पानें मित्रांना भेट म्हणून पाठवीत असे.

शेंड्याचा हा अंमल कशानें चालतो, याचा माग चार्ल्स डार्विन व त्याचा पुत्र फ्रान्सिस यांच्या १८८० च्या ग्रंथापासून लागतो. गवताच्या कोंबाचें टोंक प्रकाश ओळखतें आणि वांकतो मात्र खालचा भाग, असें त्यांना आढळलें. तेव्हां टोंकाकडून खालीं कांहीं निरोप जात असला पाहिजे. १९२६ ते १९२८ या काळांत हॉलंडमधील युट्रेख्ट येथें फ्रिट्स वेंट यानें कोंबांचीं टोंकें आगराच्या तुकड्यांवर ठेवून तो निरोप त्या तुकड्यांत उतरवून घेतला. त्यालाच पुढें ऑक्झिन म्हणूं लागले. १९३३ मध्यें थीमान व स्कूग यांनीं घेवड्याच्या जातीच्या एका रोपाचा शेंडा कापून त्या जागीं ऑक्झिन लाविलें, तों बगलांतले डोळे शेंडा असल्याप्रमाणेंच निजून राहिले. राजा गेला, पण त्याची मुद्रा सिंहासनावर ठेवली तरी राज्य चालतें, तसा हा प्रकार. जागें करणारें द्रव्य त्याच स्कूगच्या प्रयोगशाळेंत १९५५ मध्यें सांपडलें, आणि तेंहि कोठें, तर हेरिंग माशाच्या शुक्रापासून काढलेल्या व फडताळांत जुन्या झालेल्या एका रसायनांत! तंबाखूच्या आकारहीन पेशीपुंजावर हीं दोन द्रव्यें निरनिराळ्या प्रमाणांत घातलीं कीं एकीकडे मुळें फुटतात व दुसरीकडे मुकुलें, असें १९५७ मध्यें सिद्ध झालें. तिसरें द्रव्य आपल्या ज्वारीच्या शेतकऱ्याच्या शत्रूच्या ओळखीचें आहे. ज्वारीच्या मुळांवर जगणारा टारफुला ज्या मूळस्रावाच्या खुणेनें उगवतो त्या जातीचें द्रव्य १९६६ मध्यें कापसाच्या मुळांच्या स्रावांतून वेगळें काढलें गेलें होतें. तेंच झाडाच्या अंगीं डोळ्यांना निजवीत असतें, हें २००८ मध्यें दोन स्वतंत्र संशोधकसंघांनीं दाखविलें. आणि २०१४ मध्यें ऑस्ट्रेलियांत वाटाण्यावर झालेल्या प्रयोगांत असें आढळलें कीं, शेंडा खुडतांच डोळा जागा होतो तो ऑक्झिन ओसरण्यापूर्वींच, शेंड्याकडे जाणारी साखर त्याच्या वांट्याला आल्यामुळें. तेव्हां अंमलापेक्षां भुकेचा भाग यांत बराच मोठा दिसतो.

डोळ्याची कळी केव्हां होते, हें कोडेंहि पानांनींच सोडविलें. दिवसाच्या लांबीवर अनेक झाडांचें फुलणें अवलंबून असतें, हें १९२० मध्यें अमेरिकेंत गार्नर व अ‍ॅलार्ड यांनीं दाखविलें. १९३६ च्या सुमारास रशियांत चैलाख्यान यानें शेवंतीच्या शेंड्याचीं पानें काढून केवळ खालच्या पानांना लहान दिवस दिला, तरी फूल शेंड्यावर आलें. म्हणजे संदेश पानांतून मुकुलाकडे जातो. तो संदेश नेणारें प्रथिन २००७ मध्यें अरॅबिडॉप्सिस नांवाच्या मोहरीच्या कुळांतील एका रानरोपांत व भातांत ओळखलें गेलें. त्याच रानरोपांत, १९९१ मध्यें, फुलाचे अवयव ठरविणाऱ्या तिन्ही प्रकारच्या जनुकांना निकामी केल्यावर फुलाच्या जागीं पाकळी नाहीं, केसर नाहीं, केवळ पानांसारखे अवयव वर्तुळांत उगवले. हाल्लर ज्या साच्याविषयीं विचारीत होता तो जनुकांत लिहिलेला होता, पण पानाचें चित्र म्हणून नव्हे.

मोहरीचें कूळ तेंच कोबीचें कूळ. तथापि वोल्फच्या प्रश्नावरचा आम्हांस सर्वांत आवडलेला प्रयोग टोमॅटोचा आहे. टोमॅटोच्या कोंबाचें अगदीं टोंक वेगळें काढून तें अशा खाद्यावर वाढविलें कीं त्यांत ऑक्झिनची वाहतूक बंद पडावी. टोंक वाढत राहिलें, पण त्याला एकहि पान आलें नाहीं. सुईसारखा गुळगुळीत, उघडा दांडा उभा राहिला. नंतर त्या दांड्याच्या बाजूला, संशोधकांनीं निवडलेल्या जागीं, ऑक्झिनचा एक अतिसूक्ष्म थेंब ठेविला. नेमक्या त्याच जागीं फुगवटा आला, आणि त्या फुगवट्याचें पान झालें. हा प्रयोग २००० मध्यें प्रसिद्ध झाला. तो झाला स्वित्झर्लंडमधील बर्न येथील विद्यापीठांत, हाल्लरच्या गांवीं.